‘घरच्यासारखी’ म्हणजे नेमके किती तास?

गेले तीन-चार महिने इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. “ताई, ऑ पेअर म्हणून इटलीला जावं का?” मुली विचारतात, त्यांच्या आया विचारतात. परवा कोल्हापूरच्या एका काकूंनी लिहिलं, “आमच्या पोरीचं बीए झालंय, इंग्लिश बरं आहे. एजंट म्हणतो राहणं-खाणं फुकट, वर हातखर्चाला पैसे, वर्षभर युरोप. यात फसवणूक तर नाही ना?”

काकू, फसवणूक नाही. असती तर सरळ ‘पाठवू नका’ म्हणून सांगितलं असतं आणि विषय संपला असता. प्रकरण त्यापेक्षा गुंतागुंतीचं आहे, म्हणून एकेकाला उत्तर देण्याऐवजी इथंच सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. ऑ पेअर म्हणजे परक्या देशातल्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळणारी तरुण मुलगी (मुलगेही असतात, पण थोडे). मोबदल्यात खोली, जेवण, थोडा हातखर्च आणि त्या देशाची भाषा शिकायची संधी. शब्द फ्रेंच आहे, अर्थ ‘बरोबरीच्या नात्यानं’. इटालियनमध्ये ‘रागाझ्झा आल्ला पारी’, म्हणजे बरोबरीची मुलगी. नोकर नाही, पाहुणीही नाही. माझी सगळी तक्रार आणि सगळं कौतुक या ‘बरोबरी’वरच आहे.

मी ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ अशी वर्षभर रेज्जो एमिलियाला होते. बोलोन्या आणि पार्मा यांच्या अधेमधे, सपाट शेतीच्या मुलखातलं शहर. तेव्हा मी तेवीस वर्षांची, कराडहून गेलेली. घरात नवरा-बायको, सात वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी. माणसं चांगली होती हे आधीच सांगून ठेवते, कारण खाली जे लिहिणार आहे ते वाचून कुणी त्यांना खलनायक करू नये. मी जाते म्हटल्यावर आमच्या आत्यानं विचारलं होतं, “धुणीभांडी करायला इटलीपर्यंत जायचं व्हय गं?” तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. शब्द तेवढे आत्याचे होते.

व्हिसाची गोष्ट नीट समजून घ्या, एजंट ती घाईघाईत सांगतात. युरोपबाहेरच्या मुलीला इटलीत केवळ ऑ पेअर म्हणून राहायचं असेल आणि दोन देशांमधल्या तरुणांच्या देवाणघेवाणीच्या कार्यक्रमात ते बसत नसेल, तर मुदत तीन महिन्यांपलीकडे जात नाही. म्हणून वर्षभर राहू पाहणारी मुलगी बहुतेक वेळा भाषेच्या कोर्सला प्रवेश घेते आणि विद्यार्थी व्हिसावर जाते. मीही तशीच गेले. पोचल्यावर आठ कामकाजी दिवसांत पोस्टात जाऊन निवासाच्या परवान्याचा अर्ज भरायचा, त्यावर १६ युरोचा मुद्रांक चिकटवायचा, मग क्वेस्तुरात (तिथल्या पोलीस मुख्यालयात) जाऊन बोटांचे ठसे द्यायचे. हे सगळं जमतं. रांगेत उभं राहायची सवय आपल्याला आहेच.

मेख पुढं आहे. विद्यार्थी परवान्यावर आठवड्याला २० तासच काम करता येतं. ऑ पेअरचे दिवसाला पाच तास आणि आठवड्याचे सहा दिवस धरले तर ३० होतात. मग वरचे १० तास कशात बसतात? हे मी एजंटला विचारलं होतं. तो म्हणाला, “अगं ते काम नाही, ती फॅमिली लाइफ.”

हे वाक्य लक्षात ठेवा.

आता इटलीतल्या जगण्याबद्दल थोडं, कारण मुली तेही विचारतात, आणि ते खरंच सुंदर होतं. पहिली गोष्ट म्हणजे संडास-बाथरूम. आपल्याकडे परदेशी जाणाऱ्यांना ‘पाण्याचं कसं होणार’ याची मोठी चिंता. इटलीत १९७५ च्या सरकारी आदेशानं घराच्या निदान एका बाथरूममध्ये बिडे असणं सक्तीचं केलंय. या बाबतीत सगळ्या युरोपात आपल्या जवळचे हेच लोक. दुसरी, आज्या. थंडीत ओल्या केसांनी बाहेर पडलात तर रस्त्यावरची अनोळखी म्हातारीसुद्धा ओरडते. वाऱ्याची झुळूक लागून मान धरते, पोट बिघडतं, याला त्यांच्याकडे ‘कोल्पो दारिया’ असं रीतसर नाव आहे. जेवल्यावर दोन-तीन तास पाण्यात उतरायचं नाही. मला वाटलं मी माझ्या आजीकडेच आलेय, फक्त नऊवारीच्या जागी मण्यांची माळ आणि ओठांना लिपस्टिक. तिसरी, न्योक्को फ्रित्तो. तळलेली, फुगलेली, चौकोनी. पुरीची थोरली बहीण म्हणा. (डुकराच्या चरबीत तळतात, शाकाहाऱ्यांनी विचारून खावं.)

दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना ते ‘पेर्मेस्सो?’ म्हणतात, येऊ का म्हणून. रोज ये-जा करणारी शेजारीणही म्हणते. मुलांचं दुपारचं खाणं म्हणजे मेरेन्दा ठरल्या वेळी, साडेचार-पाचला, त्यात इकडचं तिकडं होत नाही. जेवायला आठ वाजता सगळे टेबलाशी, आणि तोंडं चालू तशी बोलणंही चालू. पहिले दोन महिने मला निम्मं कळत नव्हतं, पण जेवताना इतकं बोलणारं घर मी आधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे जेवताना टीव्हीच्या बातम्या.

भाषेतला एक बारीक पेच सांगते. इटालियनमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे, ‘तू’ आणि ‘लेई’. त्यांच्या ‘तू’चा उच्चारही आपल्यासारखाच. मी मुलांच्या आईला लेई म्हणायला लागले तर ती हसली, म्हणाली, तू म्हण, आपण एका घरातल्या. मला इतकं बरं वाटलं. सहा महिन्यांनी कळलं की तू म्हटलं की पैशांचं आणि तासांचं बोलता येत नाही. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना सांभाळायला मोल्दोवाची एक बाई होती. ती मालकिणीच्या मुलाशी लेई बोलायची, तोही तिच्याशी लेई. दोघांत एक छापील करार होता.

त्या बाईमुळेच माझे डोळे उघडले म्हणायला हरकत नाही. अशा बायांना तिकडे ‘बादान्ते’ म्हणतात, सांभाळणारी. गुरुवारी दुपारी आणि रविवारी इटलीतल्या कुठल्याही गावच्या बागेत त्या एकत्र बसलेल्या दिसतील, युक्रेनच्या, मोल्दोवाच्या, रोमेनियाच्या, पेरूच्या. कारण तेव्हा त्यांना सुट्टी असते. सुट्टी असते कारण घरकामगारांचा देशपातळीवरचा सामूहिक करार आहे. घरात राहणाऱ्या बाईचे तास आठवड्याला ५४ पेक्षा जास्त नाहीत, आठवड्याला ३६ तासांची विश्रांती, वर्षाला २६ दिवस पगारी रजा, डिसेंबरात तेरावा पगार. ५४ तास म्हणजे काही स्वर्ग नाही. कित्येक घरं हेही पाळत नाहीत, कागदावर २५ तास दाखवून रात्रंदिवस राबवतात, हे त्याच बायांनी मला सांगितलं. पण भांडायला कागद तरी असतो. एका गुरुवारी तिनं मला विचारलं, “तुझी सुट्टी कधी?” मी म्हटलं, तसं ठरलेलं नाही, मी घरातलीच आहे. ती काही बोलली नाही, नुसतं सूर्यफुलाच्या बियांचं पाकीट पुढं केलं.

माझे तास कसे वाढले ते सांगते, कारण सगळीकडे असेच वाढतात. सुरुवातीला सकाळी सात ते सव्वाआठ: मुलांना उठवणं, आवरणं, शाळेत सोडणं. मग माझा इटालियनचा क्लास. चारला शाळेतून आणायचं, मेरेन्दा, खेळ, साडेसातपर्यंत इंग्रजीत गप्पा. झाले पाच तास, कराराप्रमाणे. डिसेंबरात मुलांच्या कपड्यांची इस्त्री आली. ‘मुलांचेच तर आहेत.’ मग मुलांच्या कपड्यांत वडिलांचे शर्ट आले. शनिवारी रात्री ते दोघं जेवायला बाहेर, ‘मुलं तर झोपलेलीच असतात.’ मुलगी आजारी पडली की शाळा नाही आणि माझा क्लासही नाही. दर वेळी आधी एक ‘दाय’ यायचं. इटालियनमध्ये ‘दाय’ म्हणजे ‘चल ना, कर ना एवढं’. मराठीत दाई म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. मी एकटीच मनातल्या मनात हसायचे.

फेब्रुवारीत मी एका आठवड्याचे तास वहीत लिहिले. ४५ भरले. हातखर्च आठवड्याला ८० युरो. म्हणजे तासाला पावणेदोन युरो. बारमध्ये उभ्यानं घेतलेली एक कॉफी सव्वा युरोला होती. खोली आणि जेवण धरा की, असं कुणी म्हणेल. धरलं. पण खोली-जेवण पाच तासांवर ठरलं होतं, पुढच्या तासांबरोबर खोली मोठी झाली नव्हती.

आणि तिकडे कायदा नाही असं नाही. युरोप परिषदेनं ऑ पेअरबद्दल १९६९ साली स्ट्रासबर्गला एक करार केला, इटलीनं तो १९७३ साली कायदा करून मान्य केला. मी तो वाचला, सोपा आहे. वय १७ ते ३०. काम साधारण दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही. आठवड्याला एक पूर्ण दिवस मोकळा, आणि महिन्यातून एकदा तरी तो रविवार असला पाहिजे. भाषेच्या वर्गाला वेळ. शक्यतो स्वतंत्र खोली. हक्क आणि कर्तव्यं लेखी, आणि जमल्यास मुलगी स्वतःचा देश सोडण्याआधीच. नातं तोडायचं तर दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांची सूचना. पन्नासेक वर्षांपूर्वी कुणीतरी इतका बारीक विचार करून ठेवलाय. पण त्याच करारात असंही म्हटलंय की ऑ पेअर ना विद्यार्थी ना कामगार, दोन्हींचे गुण असलेला तिसराच वर्ग. घरकामगारांच्या सामूहिक करारात तिची गणती नाही. विद्यार्थी म्हणून विचारायला गेलं तर ‘काम करतेस’, कामगार म्हणून गेलं तर ‘तू तर घरातली’.

आपल्या मुलींच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. इटालियन कुटुंबं ऑ पेअर ठेवतात ती मुख्यतः मुलांना इंग्रजी यावं म्हणून. जाहिरातीत शब्द असतो ‘माद्रेलिंग्वा’, जिची मातृभाषा इंग्रजी आहे अशी. एका संस्थेनं मला कळवलं होतं की भारतीय प्रोफाइल कुटुंबं उघडतच नाहीत. माझ्या कुटुंबानं तीन वेळा व्हिडिओ कॉल केला, तिसऱ्यांदा गोष्टीचं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितलं. नववीत वक्तृत्वाला ढाल मिळाली होती ती कामाला आली. हे हसण्यावारी नेलं तरी एक परिणाम होतो: आयर्लंडची मुलगी बिनधास्त म्हणते, शनिवारी मी नाही. भारतीय मुलीला आत कुठंतरी वाटत राहतं की आपल्याला घेतलं हेच उपकार. शिवाय आयरिश मुलीला व्हिसा लागत नाही. दुसरं घर शोधायला तिला दोन दिवस पुरतात.

मग मी एक कागद केला. त्याच १९६९ च्या करारातले मुद्दे, इटालियनमध्ये, क्लासच्या बाईंकडून तपासून घेतलेले. पाच तास, गुरुवार मोकळा, महिन्यातला दुसरा रविवार मोकळा, त्यावर मुलं सांभाळायची असतील तर तासाला आठ युरो, इस्त्री फक्त मुलांच्या कपड्यांना. रात्री जेवणानंतर दाखवला. वडील गप्प बसले. आई म्हणाली, “पण तू तर घरातली आहेस.” मी म्हटलं, म्हणूनच आधी तुम्हाला दाखवला. सही करायला त्यांना चार दिवस लागले. मग तो कागद मुलांच्या चित्रांशेजारी फ्रिजवर लागला.

त्यानं सगळं गोड झालं असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. आई सकाळी माझ्यासाठीही कॉफी लावायची, ते महिनाभर बंद होतं. घरात थोडा गारवा आला. पण मला क्लास चुकवावा लागला नाही, आणि मे महिन्यात मी परीक्षा पास झाले. माझ्या हिशेबात हा सौदा बरा होता.

ऑगस्टमध्ये कुटुंब तीन आठवडे समुद्रावर गेलं, आड्रियाटिकच्या किनाऱ्यावर. कागद फ्रिजवर राहिला आणि फ्रिज रेज्जोत. ‘तुझीही सुट्टीच आहे की!’ भाड्याच्या घरात मला खोली नव्हती, मी मुलांच्या खोलीत. सकाळी सातला मुलगी पोटावर बसून उठवायची, रात्री अकराला आइस्क्रीम खाऊन सगळे परत. १५ ऑगस्टला त्यांचा फेर्रागोस्तो, सगळा देश बंद करून समुद्रात. मी वाळूत बसून फोनवर लाल किल्ल्यावरचं भाषण ऐकत होते, एका हातात दुसऱ्याच्या पोराचा फुगलेला मगर. त्या संध्याकाळी सांगितलं, उद्या माझा दिवस आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं एकटी रावेन्नाला गेले, दीड हजार वर्षांपूर्वीची मोझाइकं बघायला. परतले तेव्हा आईनं विचारलं, “कशी होती?” बस, एवढंच. आभाळ कोसळलं नाही.

आता त्या आईबद्दल, कारण हा खरा मुद्दा आहे आणि एजंट-एजंट करताना तो सुटतो. ती हिशेबनीस होती. घरी यायला रोज साडेसात. इटलीतल्या शाळा जूनच्या पहिल्या आठवड्यात बंद होतात त्या सप्टेंबरच्या मध्यावर उघडतात, म्हणजे तीन महिन्यांच्या वर. आईबापाला रजा चार-पाच आठवडे. मधले दोन महिने मुलं कुठं जाणार? ज्यांचे आजी-आजोबा गावात आहेत ती त्यांच्याकडे. ज्यांना परवडतं ती पैसे भरून उन्हाळी शिबिरात. हिची आई राहायची पुल्याला, आठशे किलोमीटरवर. बायकांच्या रोजगारात इटली युरोपियन युनियनमध्ये तळाला आहे. २०२३ मध्ये त्या देशात चार लाखांहून कमी मुलं जन्मली, आपल्या एकट्या महाराष्ट्रात त्याच्या कित्येक पट जन्मतात. सरकार मुलं जन्माला घाला म्हणून सांगतं. सांभाळणार कोण, याचं उत्तर आजी, बादान्ते किंवा मी.

गंमत अशी की हे रेज्जो एमिलिया शहर. आपल्याकडे पुण्या-मुंबईतल्या महागड्या बालवाड्या पाटीवर ‘रेज्जो एमिलिया पद्धत’ असं अभिमानानं लिहितात, ते हेच. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा, १९४५ साली, जवळच्या विल्ला चेल्ला गावच्या लोकांनी जर्मन सैन्य सोडून गेलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशांतून मुलांची शाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुत्सी हा शिक्षक सायकलवरून ते बघायला गेला आणि तिथलाच झाला. १९६३ मध्ये नगरपालिकेनं स्वतःची पहिली बालशाळा काढली. म्हणजे मूल सांभाळणं हे एकट्या आईचं खासगी ओझं नाही, गावाचं काम आहे, ही कल्पना. आपण त्यातली लाकडी खेळणी आणि फी तेवढी आणली, नगरपालिका तिकडेच ठेवली. मी पोचवायचे ती मुलगी अशाच एका नगरपालिकेच्या शाळेत जायची. इतकी देखणी शाळा मी पाहिली नाही. पण ती चार वाजता सुटायची, आणि जूनमध्ये बंद व्हायची. चार वाजल्यापासून साडेसातपर्यंतच्या भोकात मला बसवलेलं होतं. माझ्याच वयाच्या पोरींना स्वस्तात बसवून ही भोकं बुजवली जातात तोवर कुठल्याच सरकारला घाई नसते. ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ हे नाव त्यावर घातलेलं अभ्रं आहे.

रविवार मोकळा मिळायला लागल्यावर मी लोकल रेल्वेनं नोवेल्लाराला जायचे. छोटं गाव, पण तिथं मोठा गुरुद्वारा आहे. २००० साली त्याच्या उद्घाटनाला रोमानो प्रोदी आले होते. इटलीत दीड लाखाहून जास्त भारतीय आहेत आणि त्यात पंजाबी पुष्कळ. पो नदीच्या खोऱ्यात ज्या गाईंच्या दुधाचं जगप्रसिद्ध पार्मेजान होतं, त्या गाई पहाटे कोण पिळतं हे बघायचं तर या लंगरला बसा. जून २०२४ मध्ये तिथं सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत होते. रोमच्या दक्षिणेला लातीनाच्या शेतात यंत्रात अडकून सतनाम सिंग या मजुराचा हात तुटला, मालकानं त्याला दवाखान्यात नेण्याऐवजी घरासमोर टाकून दिलं, आणि दोन दिवसांनी तो गेला. कामाचा कागद नव्हता. माझी त्याच्याशी तुलना करणं अश्लील होईल, मी करत नाही. पण लंगरमध्ये एक वयस्कर काकी मला म्हणाल्या ते विसरले नाही: “बेटा, कागज बनवाया है ना?” त्यांना पहिला प्रश्न तोच सुचला. जेवलीस का, हा दुसरा.

आता आपल्या सरकारचं. २ नोव्हेंबर २०२३ ला रोममध्ये भारत आणि इटली यांच्यात स्थलांतराचा करार झाला. विद्यार्थी, कुशल कामगार, तरुण व्यावसायिक यांची नावं त्यात आली, हंगामी आणि बिगरहंगामी कामगारांचे वर्षवार कोटे आले. २०२५ साठी बिगरहंगामी ७०००, हंगामी ५०००. चांगलं आहे. पण सरकारनं प्रसिद्धीला दिलेल्या माहितीत मुलं सांभाळायला जाणाऱ्या मुलींचा उल्लेख मला सापडला नाही. दुसरीकडे, दहावी न झालेल्या बाईला आखातात घरकामाला जायचं तर ती तीस वर्षांची असावी लागते, परवानगी लागते, मालकाची कागदपत्रं लागतात. ते नियम जाचक आहेत की नाहीत हा वेगळा वाद. पण निदान ती बाई सरकारला दिसते. आमच्यासारखी पदवीधर, विद्यार्थी व्हिसावाली तेवीस वर्षांची पोर कुणालाच दिसत नाही. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. हा म्हणतो मी नोकरी देतच नाही, अनुभव देतो. फी मात्र नोकरी लावल्यासारखी घेतो.

मागणी साधी आहे. ऑ पेअर पाठवणाऱ्या प्रत्येकानं मुलीच्या भाषेत, ती विमानात बसायच्या आधी, तास-सुट्टी-खोली-हातखर्च लिहिलेला आणि कुटुंबाची सही असलेला कागद द्यायचा. नाही दिला तर तो एजंट नोंदणीशिवाय माणसं पाठवतोय असं धरायचं. आणि इटलीतल्या भारतीय वकिलातींनी अशा मुलींची साधी नोंद ठेवायची. यात एक रुपयाही लागत नाही.

आणि हे लिहिताना आपल्या घरांकडे न बघणं खोटेपणाचं होईल. ‘घरच्यासारखी’ हा शब्द इटालियन नाहीच, तो आपला आहे. लांबच्या नात्यातली, गावाकडची पोरगी ‘शिकवू, लग्न करून देऊ’ म्हणून शहरात आणायची. ती सगळ्यात आधी उठते, सगळ्यात शेवटी जेवते, आणि विचारलं तर उत्तर तयार, आम्ही तिला मोलकरीण मानतच नाही. मानत नाही म्हणून पगार नाही! घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ क्रमांकाचा ठराव २०११ मध्ये झाला. इटलीनं तो २०१३ मध्ये मान्य केला. भारतानं अजून केलेला नाही. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, त्यात नोंदणी आणि मदतीच्या योजना आहेत, दिवसाचे तास ठरवलेले नाहीत. तेव्हा परदेशात आपल्या मुलीला कसं वागवतात यावर कमेंटमध्ये तुटून पडण्याआधी स्वयंपाकघरात कोण उभं आहे ते बघून घ्या.

तर काकू, मुलीला पाठवा की नको? तिला भाषा शिकायची खरी हौस असेल, लहान मुलांचा कंटाळा नसेल, आणि ‘नाही’ म्हणताना तिचा आवाज कापत नसेल, तर पाठवा. त्या सात वर्षांच्या पोरानं मला त्याचा पडलेला दात दाखवायला मध्यरात्री उठवलं होतं. तसलं काही नोकरीत मिळत नाही. परतीच्या तिकिटाचे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यावर ठेवा, त्याला हात लावायचा नाही. कुटुंबाकडे आधी राहून गेलेल्या मुलीचा नंबर मागा. देत नसतील तर ते घर सोडा. खोलीला आतून कडी आहे का, हे व्हिडिओवर बघा. उन्हाळ्यात कुठं जाणार आणि तिथं झोपायचं कुठं, हे आत्ताच विचारा. आणि ‘आमच्या मुलीसारखी राहील’ असं कुणी म्हणालं की हसून म्हणा, हो हो, पण मुलगी किती वाजता मोकळी होणार?

माझा तो फ्रिजवरचा कागद मी मराठीत करून ठेवलाय, इटालियन मजकूर शेजारी आहे. हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये ‘कागद’ असं लिहा, पाठवते. एजंटचं आणि कुटुंबाचं नाव विचारू नका, देणार नाही.